थंडीत भाव चढतो, पण अंड्यामागे खाद्य किती गेलं?

गारठा पडला की अंड्यांना उठाव येतो, चिकनचाही खप वाढतो आणि भाव वर सरकू लागतात. नेमक्या याच दिवसांत पक्षी जास्त खातो, लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी अंडी कमी देते, पिल्लांची मर वाढते आणि धुक्यात गाड्या अडकतात. त्यामुळे रोज सकाळी मोबाइलवर भाव बघण्याआधी आपल्या शेडचा एक आकडा काढा: एका अंड्यामागे किती ग्रॅम खाद्य गेलं.

समजा, शेडमध्ये ५,००० लेअर पक्षी आहेत. एरवी एक पक्षी दिवसाला ११० ग्रॅम खातो आणि उत्पादन ९० टक्के आहे. म्हणजे ५५० किलो खाद्य, ४,५०० अंडी, अंड्यामागे साधारण १२२ ग्रॅम. थंडीत तोच पक्षी १२० ग्रॅमवर गेला आणि उत्पादन ८२ टक्क्यांवर आलं, तर ६०० किलो खाद्यात ४,१०० अंडी मिळतात. अंड्यामागे १४६ ग्रॅम, म्हणजे २० टक्के जास्त. रोज ५० किलोचं एक पोतं जादा जातं, ते वेगळं दिसत नाही म्हणून खुपत नाही. अंड्याचा भाव चढला तरी आधी हा जादा खर्च भरून निघायला हवा, नफ्याचं बोलणं त्यानंतरचं.

खाण्यातली वाढ थंडीमुळे आहे, ती पूर्ण थांबवता येणार नाही. पक्षी अंगातली ऊब टिकवायला खातो, त्याला ऊर्जा हवी असते. त्यामुळे खाद्यात मका किंवा तेलातून ऊर्जा थोडी वाढवली, तर प्रथिनांवरचा खर्च उगाच वाया जात नाही. पण हे मिश्रण अंदाजानं करू नका, खाद्य बनवणाऱ्याकडून किंवा पशुवैद्यकाकडून आकडे घ्या.

उत्पादनातली घट मात्र बरीचशी उजेडाची आहे आणि ती आपल्या हातात आहे. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १६ तासांच्या आसपास उजेड लागतो. २० अंश अक्षांशाच्या पट्ट्यात डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम ११ तासांचा होतो, उत्तरेकडे त्याहून लहान. उरलेले तास बल्बनं भरून काढा, शक्यतो पहाटेकडून, आणि टायमर लावा. आज पाचला दिवा, उद्या साडेसहाला, असं झालं की पक्षी बिथरतो. एकदा वाढवलेला उजेड उत्पादन चालू असताना कमी करू नका, वीजबिल पाहून तर मुळीच नाही.

भाव कसा ठरतो तेही समजून घ्यायला हवं. आज बाजारात येणारं अंडं बऱ्याच महिन्यांपूर्वीच्या निर्णयाचं असतं. पिल्लू अंड्यावर यायला १८ ते २० आठवडे लागतात. उन्हाळ्यात उबवणूक घटते, पिल्लांची मर होते, म्हणून अनेक जण त्या दिवसांत पिल्लं घेत नाहीत, आणि त्याची तूट पुढे थंडीत जाणवते. दुसरी बाजू साठ्याची. थंडीत अंडं जास्त टिकतं, त्यामुळे व्यापारी माल धरून ठेवू शकतो. ऊन तापायला लागलं की तोच साठा एकदम बाहेर येतो आणि भाव घसरतो. अजून चढेल म्हणून शेतकऱ्यानं माल अडवून ठेवावा, हे मला पटत नाही. थंडपणा धरून ठेवायची सोय व्यापाऱ्याकडे असते, आपल्या खोलीत नाही. शिवाय गार जागेतून काढलेलं अंडं दमट हवेत आलं की कवचावर पाणी धरतं, आणि त्या ओल्या कवचातून जंतू आत जायला वाट मिळते.

ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचं चक्र छोटं, म्हणून तिथला गोंधळ मोठा. उबवणीचे २१ दिवस आणि वाढीचे ३५ ते ४२ दिवस धरले, तर आजचा चांगला भाव पाहून घेतलेला निर्णय साधारण दोन महिन्यांनी बाजारात उतरतो. चढता भाव सगळ्यांनाच दिसतो, पिल्लं सगळेच टाकतात, आणि माल एकाच आठवड्यात येतो. पिल्लांना मागणी एकदम वाढून पिल्लू महाग झालं, की समजायचं पुढे गर्दी आहे. त्यात उष्ण भागातली थंडी ब्रॉयलरला मानवते. पक्षी भरपूर खातो, लवकर वजन धरतो. पक्षी तेवढेच, पण किलो जास्त, आणि व्यापाऱ्याकडून पक्ष्यांची उचल दोन दिवस लांबली तर वजन आणखी चढतं. जड पक्ष्याला सगळीकडे गिऱ्हाईक नसतं, मग किलोमागे भाव कापला जातो. म्हणून शेड दोन-तीन वयोगटांत विभागता आलं तर बघा, आणि उचलीची तारीख व्यापाऱ्याशी पिल्लं आणतानाच बोलून ठेवा.

पिल्लं यायच्या आधी निदान एक दिवस ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी शेगडी किंवा दिवे, चालू करा. हवा गरम आणि जमिनीवर पसरलेला भुसा थंड, अशी चूक फार होते. पहिल्या दिवसांत पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश लागतात, पण थर्मामीटरपेक्षा पिल्लू जास्त सांगतं. पिल्लं ब्रूडरखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर गारठलीत, कडेला पळून चोच उघडून बसली तर उष्णता जास्त झाली. एक पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर भुसा गार आहे. संध्याकाळी मानेच्या बुडाशी असलेली खाद्याची पिशवी बोटांनी चाचपा: भरलेली आणि मऊ असेल तर खाणं-पिणं झालंय, कडक असेल तर पाणी प्यायलेलं नाही. कोळशाची शेगडी लावत असाल तर धूर बाहेर जाण्याची वाट ठेवा, बंद शेडमध्ये तो पिल्लांना आणि रात्री तिथे झोपणाऱ्या माणसालाही मारतो.

थंडीतलं सर्वांत मोठं नुकसान थंडीपेक्षा पडद्यांनी होतं. रात्रभर चारी बाजू घट्ट बंद, आत विष्ठेचा ओलावा, त्यातून अमोनिया. सकाळी शेडमध्ये शिरल्याबरोबर डोळे चुरचुरले तर पक्ष्यांच्या उंचीवर परिस्थिती त्याहून वाईट असते, हे वाकून श्वास घेऊन पाहा. मग सर्दी, घरघर, जलोदर (पोटात पाणी होणं), आणि औषधांचा खर्च. पडदा खालून बांधा आणि वर थोडी फट कायम उघडी ठेवा, म्हणजे गार वारा थेट पक्ष्यावर येत नाही आणि घाण हवा निघून जाते. ऊन आलं की पडदे खाली घ्या, भुसा हलवा, गठ्ठे झालेला काढून टाका. पाणी सकाळी जास्त गार असलं तर पक्षी कमी पितो. याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही: औषध किंवा लस नेहमीच्या लिटरांत मिसळली तर पक्ष्याच्या पोटात मात्रा कमी जाते. किती पाणी प्यायलं जातं ते मोजून त्यावरून ठरवा.

थंडीतच स्थलांतरित पाणपक्षी येतात आणि गार पाण्यात बर्ड फ्लूचा विषाणू जास्त काळ टिकतो. साथीची बातमी दूरची असली तरी मागणी दोन दिवसांत पडते, कोंबडी मात्र अंडी देतच राहते. ७० अंशांपर्यंत नीट शिजवलेल्या मांस-अंड्यांत विषाणू जिवंत राहत नाही, हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगा. आपल्या शेडसाठी धोका रिकाम्या ट्रे, पक्ष्यांचे पिंजरे आणि गाड्यांतून येतो. परत आलेले कागदी ट्रे शेडमध्ये नेऊ नका, उचलीची गाडी फाटकाबाहेर थांबवा, पाण्याच्या टाकीवर झाकण ठेवा. एकाच दिवशी अनेक पक्षी मेले तर विकायची घाई न करता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

जनावरांच्या बाजारात थंडीचं गणित चाऱ्यावर फिरतं. चारा आहे तोवर जनावर अंगानं भरलेलं असतं आणि विकणाऱ्याला घाई नसते. कडबा संपत आला की बाजारात जनावरं वाढतात आणि तीच जनावरं कमी भावात जातात. ज्यांना विकायचं ठरवलंय, ती चारा उरलेला असतानाच काढा. म्हशी दिवस लहान होताना जास्त व्यायतात, म्हणून थंडीत दूध वाढतं आणि दूध गोळा करणारा भाव कमी करून मागतो. फॅट मात्र याच दिवसांत चांगलं लागतं, तेव्हा फॅटवर भाव मिळत असेल तर तपासणी डोळ्यांसमोर करून घ्या. नवं वासरू लगेच पुसून कोरडं करा आणि पहिल्या काही तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पाजा.

बाजारातून आणलेली शेळी किंवा करडू पहिले २१ दिवस कळपापासून लांब, वेगळ्या पाण्यावर बांधा. गर्दीच्या बाजारातून पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूमुळे पसरणारा रोग) आणि फुप्फुसाचे आजार घेऊन येणारं जनावर विकत घेताना धडधाकट दिसू शकतं.