गाव सोडा म्हटल्यावर होणाऱ्या चुका : पंचगंगा-कृष्णाकाठच्या घरांसाठी

जुलै संपत आला, राधानगरी धरण भरत आलं आणि गगनबावड्यात पाऊस उघडायचं नाव घेईना की काठावरच्या गावांत दरवेळी तेच बोलणं ऐकू येतं. पोलीस पाटील दारात येऊन सांगतात, "सामान बांधा, बाहेर पडा." घरातून उत्तर येतं, "पाणी अजून लई लांब हाय. बघू की सकाळी." २००५ चा पूर झाला, २०१९ चा झाला, २०२१ चा झाला, तरी हे उत्तर काही बदललं नाही. म्हणून त्याच त्या चुका पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

घरात पाणी येणार का, हा प्रश्नच चुकीचा

सगळ्यात जास्त नुकसान या एका प्रश्नाने केलं आहे. गाव सोडण्याचा निरोप तुमच्या उंबऱ्यासाठी नसतो, रस्त्यासाठी असतो. काठावरच्या बहुतेक गावांत घरं उंचवट्यावर आहेत आणि बाहेर पडायचा रस्ता सखल भागातून जातो. मध्ये ओढा, मोरी किंवा जुना बुटका पूल असतो. पाणी आधी तिथे येतं. घराच्या पायरीला पाणी लागेपर्यंत थांबलेल्या माणसाचा रस्ता कधीच बुडालेला असतो. बालिंग्याचा पूल, बावडा-शिये रस्ता, केर्लीजवळचा रत्नागिरी रस्ता, कुरुंदवाड-शिरढोण पूल ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत येतात. तिथे घरं बुडालेली नसतात, फक्त जाणं-येणं बंद झालेलं असतं.

रस्ता बंद झाला की काय होतं ते ओळीने बघा. महावितरण वीज तोडतं, आणि ते बरोबरच आहे, कारण पाण्यात बुडालेला डीपी (गावाला वीज वाटणारी पेटी) चालू ठेवता येत नाही. नळयोजनेची जॅकवेल (पाणी उचलायची विहीर) नदीतच असते, त्यामुळे पिण्याचं पाणी बंद होतं. टॉवरची बॅटरी संपली की फोन बंद. घर कोरडं असूनही चौथ्या दिवशी म्हातारीची गोळी संपते आणि गर्भार बाईला कळा सुरू होतात. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. राष्ट्रीय महामार्गाची ही गत, तर गावच्या डांबरी रस्त्याचं काय सांगायचं?

उपाय सोपा आहे, पण तो उन्हाळ्यातच करून ठेवायचा. राजाराम बंधाऱ्यावर, म्हणजे कोल्हापुरात पंचगंगेची पातळी मोजतात तिथे, किती फूट पाणी झालं की आपल्या गावाचा रस्ता जातो, हे जुन्या माणसांना आणि मागच्या पुरांत गाडी चालवलेल्या दूधवाल्याला विचारा. तो आकडा घरात भिंतीवर ऑइलपेंटने लिहा. त्यातून दोन फूट वजा करा. तो तुमचा निघायचा आकडा. कोल्हापुरात इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. पण हे आकडे शहराच्या मोजपट्टीचे आहेत. तुमच्या गावाचा आकडा त्याच्या बराच अलीकडे असू शकतो.

नुसती पातळी पाहून भागत नाही, चढण्याचा वेग पाहायचा. ३९ ते ४३ म्हणजे ४८ इंच. पाणी तासाला २ इंच चढत असेल तर हातात २४ तास आहेत, ४ इंच चढत असेल तर १२. बारा तासांतले सहा-सात अंधाराचे असतील, तर खरा वेळ पाचच तासांचा. "बघू की सकाळी" म्हणणारा माणूस हा हिशेब कधीच मांडत नाही. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, मग दुपार असो की रात्रीचे दोन. आणि ते पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात. म्हणून गावात ऊन पडलंय आणि नदी चढतेय, असं खुशाल घडतं. पावसाकडे बघून पुराचा अंदाज बांधू नका.

"२००५ ला पाणी इथवर आलं नव्हतं"

हे वाक्य २०१९ मध्ये घराघरांत बोललं गेलं. भिंतीवर २००५ ची खूण होती, लोकांनी सामान त्या खुणेच्या वर हातभर उचललं आणि माडीवर जाऊन बसले. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. सांगलीत कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. २००५ ची खूण पाण्याखाली गेली, उचललेलं सामानही गेलं आणि चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत लोकांना बोटींनी काढावं लागलं. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगा कोल्हापुरात २०१९ च्याही वर, ५६ फुटांच्या पुढे गेली. सांगलीत मात्र तसं झालं नाही. नदीखोरं तेच, तरी दोन शहरांत दोन तऱ्हा.

कारण प्रत्येक पूर वेगळ्या जुळणीने येतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी एकत्र होऊन पंचगंगा होते, आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याने कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढे सरकायला जागाच उरत नाही. पाणी मागे फुगतं. चारही उपनद्यांचा लोंढा एकाच वेळी आला तर एक चित्र, पुढेमागे आला तर दुसरं. मधल्या काळात पूररेषेत भराव पडले आहेत आणि बांधकामं झाली आहेत, ते वेगळंच. त्यामुळे मागच्या पुराची खूण म्हणजे पाणी निदान इथवर येऊ शकतं, एवढाच तिचा अर्थ. इथेच थांबेल असं ती सांगत नाही.

तीन पूर ज्यांनी पाहिले, त्यांच्या अनुभवाबद्दल आदर आहेच. पण सर्वात उशिरा निघणारी माणसंही तीच असतात, आणि त्यांच्याकडे बघून नव्याने राहायला आलेली बिऱ्हाडं थांबतात. हे फार वाईट आहे. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी कुणी किती अडवलं यावर भांडायला पुढे अख्खं वर्ष आहे. निरोप आला त्या संध्याकाळी कट्ट्यावर तो विषय काढू नका.

जनावरांसाठी थांबणं

इथे लोकांना दोष देणं मला पटत नाही. ज्या घराची चूल दुधाच्या बिलावर चालते, त्याला "म्हशी सोडून चल" म्हणणारा माणूस ऐकला जाणार नाही, आणि जाऊही नये. चूक थांबण्यात आहे, म्हशीच्या मायेत नाही. मोठी म्हैस चार-पाचशे किलोची असते, बोटीत बसत नाही. म्हणून माणसांच्या निदान एक दिवस आधी जनावरं बाहेर पडली पाहिजेत, म्हणजे रस्ता कोरडा असताना, उजेडात, चालत किंवा टेम्पोने. शेवटी नेऊ म्हणणाऱ्याची जनावरंही अडकतात आणि तोही.

सोबत काय न्यायचं ते नेमकं सांगतो. दर मोठ्या जनावरामागे दिवसाला पाच-सहा किलो कडबा आणि पंधरा-वीस किलो ओली वैरण धरा, निदान तीन दिवसांची. छावणीत चारा येतो, पण पहिल्याच दिवशी येईल असं नाही. पाण्यासाठी एक पाटी, जास्तीचं दावं आणि कानातल्या बिल्ल्याचा फोटो. त्यावरचा बारा आकडी नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. पंचनाम्यात आणि हरवलेलं जनावर ओळखताना तोच कामी येतो.

म्हशी जिन्याने माडीवर चढवणं हा दरवर्षीचा शॉर्टकट आहे. म्हैस वर चढते, खाली उतरायला मात्र तयार होत नाही. शिवाय चार म्हशी म्हणजे दीड-दोन टन वजन, तेही भिजलेल्या भिंतींवर. नेणं अगदीच जमलं नाही तर दावं सोडा, वेसणीची दोरी काढा, गोठ्याचं दार उघडून बांधून ठेवा. मोकळं जनावर पोहतं आणि उंचवटा शोधतं. दाव्याला बांधलेलं जागेवर बुडतं.

राखणीला एक जण मागे ठेवणं

चोरीची भीती खरी आहे. पण मागे राहिलेला एक माणूस चोर अडवू शकत नाही, आणि पाणी तर नाहीच. त्याच्या एकट्यासाठी रात्री बोट काढावी लागते आणि त्या बोटीतल्या तिघा-चौघांचा जीव टांगणीला लागतो. सोनं आणि कागद सोबत न्या, बाकी माळ्यावर टाका, कुलूप लावा, दाराचा आणि आतल्या खोल्यांचा फोटो काढा. राखण हवीच असेल तर ती गावाने मिळून, पोलिसांना सांगून, बोटीवरून करायची.

म्हाताऱ्या माणसांना "जायचं का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येतं. "सकाळी निघायचं की दुपारी?" असं विचारा आणि त्यांना सगळ्यांच्या आधी पोहोचवा.

बोट येईलच, हा भरवसा

८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ कृष्णा-येरळेच्या संगमावरचं गाव. चहूकडून पाण्याने वेढलेलं. लोक गावाबाहेर पडत होते आणि हाताशी होती ती बोट क्षमतेपेक्षा जास्त भरली होती. ती उलटली. सतरा जीव गेले, त्यांत बहुतेक बायका. ही माणसं हट्टाने बसून राहिलेली नव्हती, ती बाहेर पडत होती. म्हणूनच हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायचा. रस्ता गेल्यावर निघणं किती अवघड असतं, ते तिथे दिसलं.

पुरातली बोट नदीत चालत नाही, ती बुडालेल्या रानावरून चालते. खाली उसाचे शेंडे, कुंपणाच्या तारा, झाडांच्या फांद्या असतात. वर वाकलं तर हात लागेल इतक्या जवळ विजेच्या तारा. इंजिनाच्या पंख्यात पाला किंवा दोरी अडकली की ते बंद पडतं, बोट प्रवाहाला आडवी होते, घाबरलेली माणसं एका बाजूला सरकतात. बोट भरलेली असेल तर काठ आणि पाणी यांत वीतभर अंतर उरलेलं असतं, आणि तेवढं पाणी आत यायला काही क्षण पुरतात. बचाव दलाच्या रबरी बोटीत साधारण आठ-दहा माणसं बसतात. हजार माणसांचं गाव म्हणजे शंभर खेपा. हा हिशेब प्रत्येक ग्रामसभेत मांडावा.

तरीही बोटीत बसायची वेळ आलीच, तर चालकाने सांगितलेल्या संख्येवर एकही माणूस चढवू नका, लेकरू मागे राहिलं तरी. दुसरी खेप येते. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळा, नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट डोक्यावरून निघून जातं. खाली बसा, उठू नका, फोटो काढू नका. चप्पल काढून ठेवू नका, उतरताना पायाखाली काय आहे ते दिसत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पुलावरून पाणी वाहत असताना दुचाकी घालणं. घोट्याच्या वर वाहतं पाणी माणसाचा पाय उचलतं, फूटभर पाणी छोटी गाडी सरकवतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. समोरचा गेला म्हणून तुम्ही जाणार असाल, तर त्याच्या खालचा रस्ता तुमच्या वेळीही तिथेच असेल याची खात्री कोण देणार?

गॅसची टाकी तशीच सोडणं. भरलेली टाकीसुद्धा पाण्यावर तरंगते आणि दारं-भिंतींना धडका देते. रेग्युलेटर काढा, टोपण लावा, टाकी खिडकीच्या गजाला बांधा.

मेन स्विच बंद करून इन्व्हर्टर विसरणं. त्याची बॅटरी सोडवून उंचावर ठेवा.

कागद कपाटात ठेवणं. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, आठ-अ, औषधाची चिठ्ठी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या जाड प्लास्टिकच्या एका पिशवीत, जूनपासूनच दाराशी टांगलेल्या.

मदतीसाठी नातेवाइकांना फोन करत बसून बॅटरी संपवणं. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, आणीबाणीला ११२.

"आम्हाला कोण हलवतंय" ही भाषा. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ नुसार आदेश धुडकावल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यामुळे जीव गेला किंवा धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत.

डोंगराकाठच्या वाड्यांनी यातलं फुटाचं गणित लावू नये. दरडीला इशारा पातळी नसते. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही ठिकाणी निघायला वेळच मिळाला नाही. जमिनीला नव्या भेगा पडल्या, विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा आटलं, दारं चौकटीत अडकू लागली, तर निरोपाची वाट न पाहता त्याच घटकेला सगळ्या वाडीने उठायचं.

घाईने परत येणं

पाणी ओसरलं की सगळे धावतात, आणि मातीची घरं तेव्हाच पडतात. पाणी भिंतीच्या दोन्ही अंगांनी असतं तोवर तिला आधार असतो. ते उतरलं की भिजून मऊ झालेली भिंत एकटी उभी राहते, आणि ऊन पडल्यावर एखाद-दोन दिवसांत बसते. म्हणून पहिल्या दिवशी फक्त मोठी माणसं, उजेडात, हातात काठी घेऊन. बाहेरून चारही बाजूंनी भिंती बघा. फुगवटा किंवा तिरपी भेग दिसली तर आत पाय टाकू नका. कोनाड्यात, माळ्यावर, गोठ्यात साप असतो, काठीने आवाज करत जा. वायरमनने पाहिल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. विहिरीचं पाणी जलसुरक्षकाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून तपासेपर्यंत उकळूनच प्या. पायाला जखम असेल आणि चिखलात काम केलं असेल, तर ताप यायची वाट न बघता आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोस्पायरोसिस या तापासाठीच्या गोळ्यांचं विचारा. घरातला गाळ ओला असतानाच फावड्याने ओढून काढा. एकदा वाळला की तो फरशीला सिमेंटसारखा धरतो आणि दोन दिवसांचं काम आठवड्याचं होतं. आणि तो काढण्याआधी भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं तिथे खूण करून तारीख लिहा, शेजारी टेप धरून फोटो घ्या. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत ती रेघ पुसलेली असते.