‘मी येतो’ म्हणणाऱ्या मुलींसाठी

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीला एक काकू मुलीला घेऊन आल्या. मुलगी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि काकूंचा प्रश्न एकच होता : “ताई, हिला मुंबईला कधी पाठवायचं?” मालिकांत आणि चित्रपटांत दुय्यम भूमिका करू लागून मला आता अकरा वर्षे झाली आहेत, आणि या काळात हा प्रश्न मला इतक्या घरांतून विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. मुंबईचा विचार करण्याआधी मुलीजवळ आज काय आहे, याची नीट मोजदाद व्हायला हवी. अभिनेत्रींचे पूर्वायुष्य हा मुलाखतीत सांगण्यापुरता विषय नसतो. कोणते दार उघडणार हे बहुतेक वेळा त्यावरूनच ठरते.

याची उदाहरणे शोधायला आपल्याला कोल्हापूरबाहेर फारसे जावे लागत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली होती. त्यानंतर लगेच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, त्या नाटक मंडळीत वावरलेल्या होत्या, म्हणून लोकांसमोर उभे राहणे त्यांना नवे नव्हते. बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये कोल्हापुरात ‘सैरंध्री’ हा चित्रपट तयार केला, तेव्हा गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नावे घेऊन काम केले. नाव बदलावे लागणे यातच त्या काळाची बरीच हकिकत आली.

दुर्गा खोटे यांचे मात्र सगळे वेगळे होते. मुंबईतल्या सुखवस्तू घरात वाढलेल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या या बाईंना सासरची आर्थिक घडी विसकटल्यावर घर चालवण्यासाठी काम शोधावे लागले. त्यांचा १९३१ मधला पहिला चित्रपट त्यांना मनस्तापच देऊन गेला, पण पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ त्यांना मिळाला आणि तारामतीच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले. ही कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच स्थापन झालेली होती आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. दुर्गाबाईंना १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. माझ्या मते नवोदितांनी या कहाणीतून घेण्यासारखी गोष्ट अशी की पहिली भूमिका केवढी आहे यापेक्षा ती कोणाकडे आहे हे जास्त महत्त्वाचे असते. चार वाक्यांची भूमिका असली तरी शिस्तीच्या दिग्दर्शकाकडे ती करावी. गबाळ्या निर्मितीत नायिका होण्याचा मोह मला एकदा झाला होता, आणि त्यातला एकही प्रसंग आज मी कोणाला दाखवू शकत नाही.

सुलोचनादीदी चिकोडीजवळच्या खडकलाटच्या. जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्या घडल्या, आणि त्यांना आपण आज मुख्यतः पडद्यावरची आई म्हणून ओळखतो. जयश्री गडकर समूहनृत्यात नाचत होत्या, तिथून १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’पर्यंत पोचल्या. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असत. आपल्याच कोल्हापूरच्या उषा जाधव यांना ‘धग’मधल्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तो २०१३ मध्ये. एकीजवळ नाच होता, दुसरीजवळ स्वच्छ वाचा. रूप तर कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या शंभर मुलींजवळ असतेच.

माझ्याजवळ काय होते, हे मला पुण्यातल्या पहिल्या ऑडिशनला कळले, आणि तेही फजिती होऊन. बी. कॉम. झालेली, सकाळी एका पतसंस्थेत खातेवह्या लिहिणारी मी, दोन पाने पाठ करून गेले होते. संवाद बरे झाले. निघताना मी सहज म्हणाले, “बरं, येतो मी.” खोलीत हशा पिकला. आपल्याकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात यात आपल्याला काहीच वावगे वाटत नाही, पण त्या खोलीत माझ्या अर्ध्या तासाच्या मेहनतीपेक्षा तेच लक्षात राहिले. त्यानंतर वर्षभर मी रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचून मोबाईलवर ध्वनिमुद्रित केला आणि ‘पाणी’चे ‘पानी’ कुठे होते ते ऐकून खुणा केल्या. गंमत अशी की मला पहिली मोठी भूमिका मिळाली ती कोल्हापूर भागात चित्रित होणाऱ्या मालिकेत, आणि मिळाली ती याच ‘येतो’मुळे. म्हणून आपली बोली पुसून टाकू नका. तिच्या शेजारी प्रमाण मराठी बसवा आणि एकीतून दुसरीत सहज जाता येईल असा सराव ठेवा. मालिकांमध्ये ‘गावरान’ म्हणून जी खिचडी भाषा लिहून येते, ती कोणत्याच गावाची नसते. तिथे नम्रपणे दुरुस्ती सुचवणारी अभिनेत्री दिग्दर्शकाला हवीशी वाटते, असा माझा अनुभव आहे.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगते. आपल्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, आणि प्रभातच्याच जुन्या जागेत १९६० पासून उभी असलेली फिल्म संस्थाही आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यासाठी पदवी आणि नाटकांचा अनुभव लागतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी राज्य नाट्यस्पर्धेतल्या हौशी संस्थांकडे वळावे. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये उभ्या राहिलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहातच मी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना पाहिले, त्याविषयी मला अजूनही धड लिहिता येत नाही.

आता पैशांचे. मालिकेत आपल्याला दिवसाच्या हिशेबाने मानधन मिळते, शिफ्ट साधारण बारा तासांची असते, आणि रक्कम हातात येते ती बहुधा ९० दिवसांनी. प्रभातच्या काळी कलावंतांना महिन्याचा पगार असे. तो जमाना गेला. त्यामुळे महिन्यात सहा दिवस काम मिळाले तरी त्याचे पैसे तीन महिन्यांनी येणार, हे गृहीत धरून घरभाडे आणि मेस यांची सोय आधी करावी लागते. मी पतसंस्थेतली नोकरी चार वर्षे सोडली नाही, ती याच कारणाने. मानधनातून टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो. आयकर विवरणपत्र भरले नाही तर परत मिळण्याजोगी रक्कमही अडकून पडते. एका निर्मितीसंस्थेने माझे अकरा दिवसांचे पैसे आजतागायत दिलेले नाहीत, कारण सगळे बोलणे फोनवर झाले होते आणि माझ्याजवळ कागदाचा चिटोराही नव्हता. तेव्हापासून दिवस, दर आणि प्रवासखर्च हे तिन्ही लेखी आल्याशिवाय मी तारखा देत नाही.

निवडीसाठी किंवा नावनोंदणीसाठी आपल्याकडेच पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावे. रात्री उशिरा हॉटेलवर ‘चर्चे’ला बोलावणे आले, तर दिवसा कार्यालयात येते असे सांगावे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. सेटवर पहिल्या दिवशी त्या समितीची चौकशी केली तर कोणी वाईट समजत नाही. समजलेच, तर ते आपल्याला लवकर कळलेले बरे.

काकूंना मी यातले निम्मेच सांगितले असेल. मुलगी गप्प बसून ऐकत होती. मी तिला तुला काय येते असे विचारले, तेव्हा ती थोडी बिचकून म्हणाली की आजीकडून जात्यावरच्या साठ-सत्तर ओव्या तिला पाठ आहेत, पण त्याचा काय उपयोग. मी तिथेच तिला चार ओव्या म्हणायला लावल्या, आणि तालीम थांबवून बाकीचे सगळे भोवती येऊन बसले. मुंबईचे तिने पदवीनंतर बघायचे ठरवले आहे. सध्या ती संध्याकाळी साडेसहाला तालमीला येते आणि जाताना सगळ्यांना “येतो” म्हणूनच जाते.