बंदर-कामगारांचा दिवस करायचाय? आधी घराघरातले हुक शोधा

गेली तीन वर्षं आम्ही उरणजवळ द्रोणागिरीत वर्षातून एकदा बंदर-कामगारांचा दिवस करतो. आम्ही म्हणजे सात-आठ जण, कोणी सीएफएसमधे (बंदराबाहेरचं कंटेनर भरण्या-उतरवण्याचं गोदाम) सर्व्हेअर, कोणी शाळेत मास्तर, एक रिटायर्ड क्रेन ऑपरेटर आणि मी. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. आता उलव्यातून, कोपरखैरण्यातून लोक विचारायला लागलेत की आमच्याकडे करायचं तर कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिल्या वर्षी आमचा पार पोपट झाला होता. १ मे पकडला, मंडप घातला, फ्लेक्सवर प्रमुख पाहुण्यांचा फोटो एवढा मोठा की कामगार हा शब्द खालच्या दोरीत गेला. पाहुणे अडीच तास लेट. डॉकमधून रिटायर झालेली आठ म्हातारी माणसं तेवढा वेळ प्लास्टिकच्या खुर्च्यांवर घाम पुसत बसली, मग शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं चाळीस मिनिटं भाषण, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांना माईक मिळालाच नाही. निघताना शेजारचे तात्या मला म्हणाले, "बोलावलास कनाला रं, टाल्या वाजवाला?" तेव्हापासून पाहुणा हा प्रकार बंद. कोणी पुढारी आलाच तर स्वागत आहे, समोर खुर्चीवर बसा, ऐका, चहा प्या.

आता तारीख. यावर भांडणं होतात म्हणून आधीच ठरवा. १ मे सगळेच करतात, त्यात महाराष्ट्र दिन, झेंडावंदन, वरून ऊन, आणि निम्मी घाटावरची मंडळी गावाला गेलेली असतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट झाला, कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत भरलेला, आग विझवायला गेलेले फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले, आणि गोदीतले किती कामगार गेले याची बोलणी आमच्याकडच्या जुन्या घरांत अजून निघतात. पण त्या दिवशी आंबेडकर जयंती, आमचे निम्मे लोक मिरवणुकीत, आणि असायलाच पाहिजेत. २५ सप्टेंबर हा फार भारी दिवस आहे. १९३० साली याच तारखेला चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, नाग्या महादू कातकरी आणि बाकीचे हुतात्मे त्यातले, आणि माथाडींचे, म्हणजे बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालांचे, नेते अण्णासाहेब पाटील यांची जयंतीसुद्धा २५ सप्टेंबरलाच. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भेवाल्यांनी डोळे झाकून हीच तारीख घ्यावी, फक्त माथाडींचा मोठा मेळावाही त्याच दिवशी असतो म्हणून आपला कार्यक्रम पुढच्या रविवारी ठेवा.

आम्ही जानेवारी धरला. १६ आणि १७ जानेवारी १९८४, जासईजवळ दास्तान फाटा आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाटा, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, पोलिसांचा गोळीबार, पाच हुतात्मे. कोणी म्हणतं हा शेतकऱ्यांचा लढा, यात कामगार कुठे आले? अहो, ज्या शेतांवर आणि मिठागरांवर आज कंटेनर यार्ड उभी आहेत ती जमीन याच लोकांची, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची हे तत्त्व याच लढ्यातून आलं, आणि बंदरात नोकरी द्या म्हणून पुढे गेटवर बसलेली पोरं याच घरांतली. जेएनपीटी, म्हणजे न्हावा-शेवाचं आमचं बंदर, २६ मे १९८९ ला सुरू झालं असं पाटीवर लिहितात, पण आमच्याकडची गोष्ट त्याच्या आधी पाच वर्षं सुरू होते. एक मात्र पाळा, गावांची स्वतःची अभिवादन सभा असते, तिच्यावर आपला कार्यक्रम टाकू नका. त्या दोन दिवशी तिकडे जाऊन फूल वाहायचं आणि आपलं त्याच्या नंतरच्या रविवारी करायचं.

रविवारचं पण एक आहे. रविवारची सुट्टी आपल्याला १० जून १८९० ला मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी कित्येक वर्षं भांडून मिळवली, आणि लोखंडे जन्माला आले ठाण्यात, १८४८ साली. ठाणेकरांनो, तुमच्याकडे बंदर नाही म्हणून रडू नका, एवढा एक माणूस पुरे आहे. पण हीच रविवारची सुट्टी बंदराच्या कंत्राटी पोरांना नाही, बोट लागली की लागली. म्हणून वेळ ठरवण्याआधी दोन-तीन सीएफएसच्या गेटवर जाऊन शिफ्ट कधी सुटते ते विचारा. आम्ही दुसऱ्या वर्षी सकाळी दहाला ठेवलं तर सगळे रिटायर्ड आले आणि कामावरचा एकही नाही. आता संध्याकाळी साडेचारला सुरू करतो, साडेआठला संपवतो. रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही हे माहीत आहेच, आणि स्पीकरची परवानगी पोलीस स्टेशनला अर्ज देऊन आठवडाभर आधी घ्या, शेवटच्या दिवशी धावपळ नको.

आता मुद्द्याचं. कामगार इतिहास म्हटलं की आपण लगेच संप, मोर्चा, घोषणा यावर जातो. माझं म्हणणं, संप विचारण्याआधी काम विचारा. काम कसं होतं ते कळल्याशिवाय संप का झाला ते पोरांना कळत नाही. आणि काम विचारायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे वस्तू. ज्या घरात कोणी गोदीत, बाजारात नाहीतर बंदरात होतं तिथे जा आणि जुनं काही ठेवलंय का एवढंच विचारा. गोणी उचलायचा हुक, बिल्ला, पास, हजेरीचं कार्ड, युनियनची पावती, डबा, हेल्मेट, काहीही चालतं.

तात्यांचा हुक असाच निघाला. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या बनियनमधे गुंडाळून ठेवलेला, लाकडी मूठ आणि पुढे वाकडं लोखंड. मुठीवर चार बोटांच्या चार खाचा पडल्यात, कोणी कोरलेल्या नाहीत, एकतीस वर्षं धरून धरून पडल्यात, माझी बोटं त्यात बसली नाहीत. मी विचारलं, गोणीत कुठे मारायचा? ते उठले, स्वयंपाकघरातून तांदळाची गोणी ओढून आणली, काकू ओरडल्या, यांनी ऐकलं नाही. "कानात मारायचा, पोटात नाय." गोणीचा बांधलेला कोपरा म्हणजे कान. पोटात हुक गेला की माल सांडतो, माल सांडला की मुकादमाच्या शिव्या. मग साखर असली की पाठ कशी चिकट व्हायची, गंधकाची बोट लागली की डोळ्यांतून पाणी कसं थांबायचं नाही, शंभर किलोची गोणी आधी पाठीवर नाही तर मानेच्या खालच्या हाडावर कशी घ्यायची, एक तास बोलत होते. मोरा बंदरातून पहाटेची लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचे, पावसाळ्यात लाँच बंद की घराकडे जाणंच बंद. पहिल्या वर्षी आमच्या मंडपात हाच माणूस तोंड मिटून बसला होता.

कामावरून मग आपोआप युनियनवर येतात. पूर्वी टोळीवाला उचलेल त्याला काम, नाही उचललं तर घरी जा. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानंतर डॉक लेबर बोर्ड आलं, नावं रजिस्टर झाली, बोट नसली तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. हे फुकट नाही मिळालं. पी. डिमेलो हे नाव पोरांना फक्त रस्त्याचं नाव म्हणून माहीत असतं, सीएसएमटीच्या मागून गोदीच्या कडेने जाणारा तो रस्ता. तो माणूस गोदी कामगारांचा पुढारी होता आणि जॉर्ज फर्नांडिस मुंबईत आले तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकले, एवढं सांगितलं तरी पुढच्या वेळी तिथून जाताना पोरगं पाटी वाचतं. तसंच माथाडींचं. १९६९ चा माथाडी कायदा, मंडळं, मालकाकडून मजुरीबरोबर लेव्ही (मजुरीवरची ठराविक टक्के जादा रक्कम), त्यातून फंड आणि ग्रॅच्युइटी. पुढे मशीद बंदरचा घाऊक बाजार तुर्भ्याला आला आणि त्याच्या मागे सातारा, जुन्नरकडची माणसं नवी मुंबईत आली. कोपरखैरण्यातल्या एखाद्या माथाडी आजोबांना वाराई म्हणजे काय, थप्पी कशी लावतात, टोळीत पैसे कसे वाटतात एवढे तीन प्रश्न विचारा, संध्याकाळ जाईल.

बाया राहतात नेहमी. आमच्याही पहिल्या यादीत एकही नव्हती. मिठागरात डोक्यावर मीठ वाहणाऱ्या, मासळीची पाटी घेऊन लाँचने जाणाऱ्या, यार्डाबाहेर खानावळ चालवणाऱ्या, आणि शेवा कोळीवाडा उठवून उरणात हनुमान कोळीवाड्यात आणून बसवला तेव्हा नव्या घराला वाळवी लागली म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करणाऱ्या. त्यांना नवरा काय काम करायचा ते विचारू नका, तुम्ही काय करायचात ते विचारा. आणि बाईमाणसाशी बोलायला शक्यतो बाईच पाठवा, माझ्यासमोर एक मावशी दहा मिनिटं "काय नाय रे बाला" एवढंच म्हणत होत्या, माझी बायको बसली तर दोन तास. ट्रेलरवाले भय्ये लोक पण आपलेच धरा, त्यांच्याशी हिंदीत बोला, चार-चार दिवस रांगेत गाडीतच जेवण करतात ते, तोही बंदराचाच इतिहास आहे.

रेकॉर्डिंगसाठी मोबाईल बास आहे. एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, फोन त्यांच्या जवळ उशीवर ठेवा. सुरुवातीला तारीख आणि जागा बोलून घ्या. हे कुठे वाजवणार, कोणाला देणार ते आधी सांगा आणि हो म्हणाले तरच घ्या, आणि मधेच एखादं "हे नको टाकू" म्हणाले तर खरंच नको टाकू. संपात कोण फुटला, कोणी कोणाला मारलं, या गोष्टी निघतात, ती माणसं किंवा त्यांची पोरं शेजारच्याच बिल्डिंगमधे असतात. फोटो घरी नेऊ नका, तिथेच खिडकीजवळ उजेडात मोबाईलने काढा, मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर त्याचाही काढा. कार्डावर फंडाचा नंबर नाहीतर आधार दिसत असेल तर प्रिंटमधे झाका.

प्रदर्शन म्हणजे समाजमंदिरातली चार टेबलं आणि त्यावर पांढऱ्या चादरी. प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी, मोठ्या अक्षरात, आणि त्या ज्याची वस्तू त्याच्याच शब्दांत. आमच्या सगळ्यात जास्त गर्दीच्या टेबलावर हुक होता आणि शेजारी आमच्या रिटायर्ड क्रेनवाल्याने खडूने जमिनीवर वीस फुटी कंटेनरचा चौकोन आखला होता, वीस बाय आठ. ह्या एका डब्यातला माल उतरवायला पूर्वी अख्खी टोळी लागायची, आता वर केबिनमधे एक माणूस आणि खाली लॅशिंगवाली, म्हणजे डबे आवळून बांधणारी, दोन-चार पोरं. पोरं चौकोनात उभी राहून मोजत होती की आपण किती जण मावतो. भाषणाने हे झालं नसतं.

फेरी काढायची असेल तर पायी काढू नका, ट्रेलरच्या रस्त्यावर पायी फेरी म्हणजे शुद्ध वेडेपणा. दोन-तीन मिनीडोर (मोठ्या रिक्षा) ठरवा. जासईचं हुतात्मा स्मारक, मग नवघर फाटा, मग मोरा जेट्टी, वेळ असेल तर चिरनेर वेगळ्या दिवशी. बाहेरून येणाऱ्यांना नेरुळ-उरण लोकल आहेच, जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत येते. बंदराच्या गेटवर फोटो काढू नका, तिथल्या सुरक्षेचे सीआयएसएफवाले फोन घेतात आणि त्यांचंही काही चुकत नाही, तो प्रतिबंधित भाग आहे.

मुख्य कार्यक्रमात फक्त चार जण बोलतात, प्रत्येकी बारा मिनिटं, आणि एकटं कोणालाच उभं करत नाही. शेजारी त्याच धंद्यातला आजचा एक पोरगा बसवतो, तो प्रश्न विचारतो. गेल्या वेळी लॅशिंगवाल्या पोराने तात्यांना विचारलं, तुमच्या वेळी हात तुटला तर काय मिळायचं? तात्यांनी बोर्डाचा दवाखाना, भरपाई, युनियनचा माणूस कसा यायचा ते सगळं सांगितलं, मग उलट विचारलं, तुला काय मिळतं? पोरगा हसला फक्त. हॉलमधे कोणी काही बोललं नाही, मी पण माईक लगेच पुढे नाही दिला.

झेंड्यांचं आधीच बोलून घ्या. आमच्याकडे दोन युनियनच्या मंडळींत बॅनर कोणाचा वर यावरून एकदा चहा थंड झाला. आता नियम असा की भिंतीवर बॅनर नाही, जुने झेंडे मात्र टेबलावर वस्तू म्हणून ठेवायचे, सगळ्या रंगांचे, सालासकट. पैशाचं म्हणाल तर खर्च म्हणजे प्रिंट, मिनीडोर, चहा आणि वडापाव, आपसात काढायचा, ठेकेदाराची स्पॉन्सरशिप घेऊ नका, मागून त्याच्या कंपनीचं नाव स्टेजवर येतं आणि त्याच्याच गेटवरची पोरं मग यायची बंद होतात.

शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं, पण चुकवू नका. एक वही करा, कोणाकडून काय आणलं, कधी परत दिलं, सही. वस्तू त्याच रात्री परत, दुसऱ्या दिवसावर नाही. तात्यांचा हुक मी रात्री साडेनऊला द्यायला गेलो तर ते जागेच होते, बनियन हातात घेऊन दारात बसले होते. मूठ बघितली, हुक गुंडाळला, वहीत सही केली आणि म्हणाले, पुढच्या खेपेला टेबल जरा खाली ठेव, बारक्या पोरांचा हात पोचत नव्हता.