मोनोब्लॉकचं पातं बुडबुड्यांपासून कसं वाचवाल

मे महिन्यात काटोल-वरुडकडं विहिरी खोल जातात, अन् संत्र्याच्या बागेवरचा मोनोब्लॉक (मोटर अन् पंप एकत्र असलेला) आत गिट्टी भरल्यासारखा खडखडतो. सक्शनमध्ये, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूला, दाब घटला की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे बनतात, इम्पेलरमध्ये (पंपातल्या पात्यांच्या फिरत्या चाकात) दाब वाढताच मिटतात. धातूजवळचा बुडबुडा एका बाजूनं आत दबतो; सेकंदाला सुमारे 100 मीटर वेगाची बारीक धार पात्यावर आदळते. पात्याला स्पंजासारखी भोकं? हेच कारण. वाळूनं पातं बहुधा गुळगुळीत झिजतं.

पंप पाण्यापासून 6 मीटरच्या आत उतरवा. सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा (पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपापेक्षा) एक साइज मोठा ठेवा, बेंड कमी. सक्शन पाइपच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हची जाळी धुवा. तात्पुरतं डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळा. सक्शनचा आवळला तर खडखड वाढेल.