खपलीचा न मळलेला हर्ब ब्रेड का बसतो? या चुका टाळा

न मळता ब्रेड करायची पद्धत घराघरांत पोहोचली ती 2006 नंतर. न्यूयॉर्कमधल्या जिम लेही या बेकरची कृती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आली. पीठ, पाणी, मीठ आणि पाव चमचा यीस्ट नुसतं कालवायचं, 12 ते 18 तास झाकून ठेवायचं आणि तापलेल्या जाड भांड्यात झाकण लावून भाजायचं. मळणं नाही, मशीन नाही.

ही कृती दोन गोष्टी गृहीत धरून लिहिलेली आहे: अमेरिकेतलं मैद्याचं पीठ आणि साधारण 21 अंशांचं स्वयंपाकघर. आपण एप्रिलमध्ये गिरणीतून खपली गहू दळून आणतो आणि तेच 18 तास धरून बसतो. सकाळी झाकण उघडावं तर आंबूस वास, मधोमध खड्डा आणि हाताला चिकटून ओघळणारं पीठ. दोष यीस्टचा नसतो, तुमच्या हाताचाही नसतो.

पुढचं सगळं नीट कळावं म्हणून एक प्रमाण धरून चालू: खपलीचं पीठ 200 ग्रॅम, मैदा 200 ग्रॅम, पाणी 280 ग्रॅम, मीठ 8 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट पाव छोटा चमचा. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या. कपात पीठ दाबून भरलं की भुरभुरवून भरलं, यात सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो आणि ओल्या पिठाच्या ब्रेडला तेवढा फरक पुरतो.

पूर्ण खपलीचा हट्ट

'मैदा नको म्हणूनच तर खपली घेतली' हे म्हणणं समजू शकतं. पण खपली काय आहे ते आधी बघू. हा एमर जातीचा गहू. नेहमीच्या गव्हात गुणसूत्रं 42 असतात, खपलीत 28. गुणसूत्रांच्या ज्या तिसऱ्या संचामुळे नेहमीच्या गव्हाच्या पिठाला ब्रेडला लागणारी ताकद येते, तो संच खपलीत नाहीच. ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, खपलीत आहे, पण ते फारसं लवचिक नाही. कोल्हापूर-सांगलीकडे खपलीची खीर होते, सीमाभागात हुग्गी होते, शेवया होतात, आणि उत्तम होतात, कारण तिथे पिठाला हवा धरून उभं राहावं लागत नाही.

हे हातानेच तपासून बघा. लोकवनचा भिजवलेला गोळा चिमटीत धरून हळूहळू ताणला तर पातळ पडदा होतो, त्यातून पलीकडची बोटं अंधूक दिसतात. खपलीचा गोळा तसाच ताणा. दोन इंचांवर तो मोदकाच्या उकडीसारखा तुटतो आणि तुटलेली कड खडबडीत दिसते. जो पडदा हातात टिकत नाही, तो ओव्हनमध्ये बुडबुडा कसा धरणार?

म्हणून सुरुवात निम्म्या खपलीने करा. मैदा अजिबात नको असेल तर निम्मी लोकवनची कणीक घ्या, ब्रेड थोडा दडस होईल पण उभा राहील. बाजारात ग्लुटेन पावडर मिळते, ती 400 ग्रॅम पिठाला एक मोठा चमचा घातली तरी फरक दिसतो. आणि पूर्ण खपलीचाच करायचा असेल तर गोल ब्रेडचा नाद सोडून सरळ 9 बाय 5 इंची टिनमध्ये करा. भिंतींचा आधार मिळाला की तोच ब्रेड शहाण्यासारखा वागतो.

ज्वारी, बाजरी, नाचणी यांचं गणित वेगळं आहे. त्यात ग्लुटेन नसतंच, तेव्हा एकूण पिठाच्या पाव हिश्शाच्या वर जाऊ नका. उलट खपलीत ग्लुटेन असतं हे विसरू नका. 'जुना गहू आहे, चालतो' असं सांगून सिलिअ‍ॅकचा, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा त्रास असलेल्या माणसाला हा ब्रेड देऊ नका. चालत नाही.

घड्याळ बघून पीठ ठेवणं

माझ्या मते सगळ्यांत जास्त ब्रेड इथे फसतात.

न मळता ब्रेड होतो कसा? भरपूर पाणी आणि वेळ मिळाला की ग्लुटेनचे धागे आपसूक जुळतात, आणि यीस्टने सोडलेल्या वायूचे बुडबुडे त्यांना आतून ताणत राहतात. मळण्याचं काम वेळ करतो. पण त्याच वेळात पिठातली विकरं (एन्झाइम्स) प्रथिनं तोडतही असतात. मैद्याचं ग्लुटेन दणकट, त्याला ही झीज सोसते. खपलीचं मुळात नाजूक. बारा तासांनी मैद्याचं पीठ जिथे रंगात आलेलं असतं, तिथे खपलीचं ढेपाळलेलं असतं.

त्यात आपली हवा. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की यीस्टचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे 21 अंशांना 14 तास लागणारं पीठ तिशीच्या स्वयंपाकघरात सहा-सात तासांत तयार. नागपूरच्या मे महिन्यात त्याहून लवकर. पुण्यातल्या जानेवारीत मूळ कृतीतले तास बरेचसे लागू पडतात, न्यू जर्सीतल्या मराठी घरात कदाचित वर्षभर पडतील.

यावर मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो मार्ग असा: रात्री फक्त मैदा आंबवा, खपली सकाळी घाला. रात्री 200 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम पाणी आणि अगदी चिमूटभर यीस्ट कालवून झाकून ठेवा. सकाळी त्यावर बुडबुडे आलेले असतील. त्यात खपली, उरलेलं 80 ग्रॅम पाणी, मीठ आणि उरलेलं यीस्ट घालून सारखं करा आणि दोन-तीन तास ठेवा. लांब आंबवण्याची चव मैद्यातून येते आणि खपलीला रात्रभर झिजावं लागत नाही.

सगळं एकदमच कालवायचं असेल तर उन्हाळ्यात दीड-दोन तास बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये टाका, तिथे ते रात्रभर राहील.

तयार झालं हे ओळखायचं कसं? पिठाचा लिंबाएवढा गोळा काचेच्या छोट्या सरळ ग्लासात दाबून बसवा, त्याच्या उंचीवर रबरबँड लावा आणि ग्लास मोठ्या भांड्याशेजारीच ठेवा. मैदा दुपटीवर जातो. खपलीच्या मिश्रणाला दीडपट पुरे, फार तर जरा वर. माथा फुगीर असेल तोवर ठीक. सपाट झाला की लगेच ओव्हन लावा. माथा आत खचला की वेळ टळली.

वेळ टळलेलं पीठ टाकू मात्र नका. त्याला गोल आकार द्यायच्या भानगडीत न पडता तेल लावलेल्या ताटलीत ओता, वरून तेल, जाडं मीठ, लसणाचे काप पसरा, बोटांनी खळगे पाडा आणि 220 अंशांना वीस-पंचवीस मिनिटं भाजा. फोकाचा, म्हणजे चपटा इटालियन ब्रेड होतो, आणि आंबटसर चव त्याला शोभते.

पाणी एकदम ओतणं

खपलीचं पीठ पाणी पितं, पण सावकाश. कालवल्याबरोबर ते सैल वाटतं, म्हणून आणखी पीठ घातलं जातं. अर्ध्या तासाने ते गच्च होतं, म्हणून पाणी. असं दोनदा झालं की प्रमाण कुठल्या कुठे जातं. 280 पैकी 250 ग्रॅम पाणी आधी घाला, अर्धा तास थांबा, मग बघून उरलेलं घाला.

शिवाय आपल्या चक्कीत दगडांमध्ये पीठ जोरात रगडलं जातं, स्टार्चचे कण फुटतात आणि असं पीठ जास्त पाणी ओढतं. त्यामुळे पाकिटातली खपली आणि गिरणीतली खपली यांना एकच माप लागेल असं धरू नका. गिरणीत तुमच्या आधी कुणी हरभराडाळ दळली असेल तर पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढायला सांगा, तेवढं थालीपिठाला जाईल.

कोंडा टोकदार असतो, तो आहे तो पडदाही फाडतो. पीठ मैदाचाळणीने चाळा, निघालेला कोंडा मोजलेल्या पाण्यातल्याच थोड्या गरम पाण्यात भिजवून मऊ करा आणि परत घाला. काही वाया जात नाही.

आणि 'न मळता' म्हणजे हातही लावायचा नाही असं नव्हे. पहिल्या दीड तासात दोन-तीनदा ओल्या हाताने पिठाची एक कड उचलायची, तुटणार नाही इतपत ताणायची आणि मधे दुमडायची, चारही बाजूंनी. मिनिटभराचं काम. खपलीला याचा फायदा मैद्यापेक्षा जास्त होतो.

हर्ब कधी, किती आणि कुठले

कच्चा लसूण ठेचून रात्रभराच्या पिठात घालू नका. त्यातली द्रव्यं यीस्टला मंदावतात आणि ग्लुटेनही सैल करतात. लसूण तेलात मंद परतून, गार करून, शेवटच्या घडीच्या वेळी घाला. असा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवून देण्याची सवय मात्र वाईट. तो फ्रिजमध्येच राहू द्या आणि चार दिवसांत संपवा.

ओवा या ब्रेडला फार छान लागतो. थाइमला जी चव असते तीच थायमॉलमुळे ओव्याला असते, त्यामुळे परदेशी बाटली नसली तरी अडत नाही. पण थायमॉल जंतुनाशक आहे, यीस्टलाही सोडत नाही. 400 ग्रॅम पिठाला अर्धा छोटा चमचा, हातावर चुरडून, बस्स. कुंडीतल्या ओव्याची पानं घ्यायची तर बारीक चिरून चार-पाच. ती पाणीदार असतात.

कोथिंबीर, पुदिना, ताजी मेथी धुऊन तशीच घातली की तिथे तिथे ओलसर हिरवे डाग पडतात आणि भोवती कच्चट राहतं. पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा. पुदिना भाजल्यावर काळा पडतो आणि वासही फारसा उरत नाही, मी तर तो घालतच नाही. कसुरी मेथी आत घाला, वर भुरभुरवू नका, जळून कडू होते. पिझ्झाबरोबर आलेली ओरेगॅनोची पाकिटं वापरणार असाल तर मागे घटक वाचा. बऱ्याचदा त्यात मीठ असतं, तेवढं पिठातलं कमी करा.

भांडं आणि ओटीजी

झाकण हवंच. पिठातून निघालेली वाफ आत कोंडली की वरची साल उशिरा धरते आणि ब्रेडला फुगायला उसंत मिळते. महागडं भांडं नसलं तरी झाकणाची बिडाची कढई चालते. प्लॅस्टिकची मूठ, काचेचं साधं झाकण, रबरी रिंग असलेला कुकर, यांतलं काही 230 अंशांत घालू नका. माठाच्या मातीची भांडी अशा तापमानाला तडकतात.

ओटीजीचा दिवा विझला म्हणजे हवा तापली, कढई नव्हे. ती आत ठेवूनच ओव्हन लावा आणि दिवा विझल्यावर आणखी वीस मिनिटं द्या. मग पार्चमेंट कागदावरचं पीठ अलगद आत, झाकण लावून 230 अंशांना अर्धा तास, झाकण काढून पंधरा मिनिटं. छोट्या ओटीजीत खालची कॉइल जवळ असते आणि बूड करपतं. कढईखालच्या कप्प्यात एक रिकामा ट्रे सरकवला की झालं. टिनमध्ये करत असाल तर वर फॉइल सैलसर झाका आणि 210 अंश पुरेत.

मधे गिचका राहिला

तक्रार एक, कारणं तीन: पाणी जास्त, भाजणं कमी किंवा कापायची घाई. तिसरंच बहुतेक वेळा असतं. खपलीचा ब्रेड गरम असताना कापला की सुरीला लगदा चिकटतो आणि पीठ कच्चं राहिल्यासारखं वाटतं. जाळीवर निदान दोन तास ठेवा. घरभर वास सुटलेला असताना हे अवघड आहे, मान्य. खरोखर कच्चा आहे का हे सुरी खुपसून कळत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर मधोमध घाला, 96 ते 98 अंश दिसले की झाला.

ठेवताना

पावसाळ्यात कुरकुरीत साल संध्याकाळपर्यंत मऊ पडते, त्याला इलाज नाही, तव्यावर परत शेका. गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. फ्रिजमध्ये ब्रेड लवकर वातड होतो, त्यापेक्षा काप करून फ्रीझरमध्ये ठेवा.

दमट उकाड्यात एक गोष्ट जरूर बघा. ब्रेडला पिकून गेलेल्या फळासारखा गोडूस वास यायला लागला आणि काप तोडताना मधे चिकट तार सुटली, तर ती बुरशी नाही, जिवाणूंची लागण आहे. त्यांचे बीजाणू भाजताना मरत नाहीत. असा ब्रेड शेकून वगैरे खाऊ नका, सगळा टाका. डबा, सुरी, पाट व्हिनेगरने पुसून उन्हात वाळवा, आणि पुढच्या वेळी पिठात एक चमचा दही घाला, आंबटपणात त्या जिवाणूंची वाढ मंदावते.

नुसता कडक झालेला ब्रेड मात्र फोडणीच्या पोळीच्या वाटेने जाऊ द्या. हाताने जाडसर कुस्करायचा, पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं झाकायचा, मग मोहरी, कांदा, हिरवी मिरची. ओवा आधीच आत आहे, तेव्हा जिरं घालू नका.