जीन टेस्टच्या रिपोर्टमधला लाल रंग किती मनावर घ्यायचा?

मागच्या महिन्यात काका पंचवटीतून आमच्याकडे गंगापूर रोडला आले ते फाईल बगलेत मारूनच. अँजिओप्लास्टीनंतर त्यांच्या मुलाने हौसेने लाळेची जीन टेस्ट मागवली होती, रिपोर्टात सात औषधं लाल, बाकी हिरवी-पिवळी, आणि ते बघून काकांनी सकाळची गोळीच घेतली नव्हती! तर आधी हे, रिपोर्ट वाचून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, स्टेंट टाकलाय त्याने तर अजिबातच नाही, आधी डॉक्टरांना फोन.

आता रिपोर्ट. रंग कंपनी ठरवते, त्यामागे पुरावा किती ते रंगावरून कळत नाही. म्हणून एकेक जीन आणि औषध अशी जोडी धरून बघायचं. काकांच्या क्लोपिडोग्रेलपुढे, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळीपुढे, सीवायपी२सी१९ *२/*२ लिहिलं होतं, म्हणजे या जीनच्या दोन्ही प्रती काम न करणाऱ्या. ही जोडी दमदार आहे, कारण ती गोळी लिव्हरमध्ये मुख्यतः या जीनच्या एन्झाइममुळे कामाला लागते, ते एन्झाइम काम करत नसेल तर रक्त गोठणं हवं तसं थांबत नाही, आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१० मध्येच लेबलवर चौकटीत इशारा टाकलाय. त्याच पानावर खाली "डिप्रेशनची कुठली गोळी जास्त लागू पडेल" असंही होतं, तोच लाल-हिरवा थाट. अशा दाव्याला आधार सिद्ध झालेला नाही, असं त्याच एफडीएने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

कुठल्या जोडीमागे पुरावा किती ते फार्मजीकेबी या वेबसाइटवर फुकट बघता येतं, हल्ली ती क्लिनपीजीएक्स नावाने आहे. तिथे पुराव्याला दर्जा दिलेला असतो. १ए म्हणजे सगळ्यात पक्कं, ३ म्हणजे एखादाच अभ्यास किंवा उलटसुलट निकाल, ४ म्हणजे पुरावा त्या संबंधाला आधार देत नाही. जीन बघून औषध कसं द्यायचं हे डॉक्टरांसाठी लिहिणाऱ्या सीपीआयसी या तज्ज्ञगटाच्या गाईडलाईन पण बघा, फक्त एक लक्षात ठेवा, टेस्ट करा की नको हे त्या सांगत नाहीत, रिपोर्ट हातात आलाच तर औषधाचं काय करायचं एवढंच सांगतात.

मग अभ्यासात नक्की काय मोजलं आणि कशाशी तुलना केली ते बघा, इथेच बरेच जण फसतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचं घ्या, २०१३ मध्ये दोन मोठे ट्रायल एकदमच छापून आले, युरोपातल्यात जीन बघून डोस देण्याचा फायदा दिसला, अमेरिकेतल्यात नाही. पण युरोपात तुलना नेहमीच्या ठराविक डोसशी होती आणि अमेरिकेत वय-वजन वगैरे धरून हिशेबाने काढलेल्या डोसशी, आणि दोन्हीकडे मुख्य मोजमाप आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) किती वेळ रेंजमध्ये राहिला याचं, रक्तस्राव किती टळला याचं नाही. याउलट एचआयव्हीच्या अबॅकाविरचा २००८ चा ट्रायल, १९५६ पेशंट, आधी जीन टेस्ट केलेल्या गटात पक्की ठरलेली ॲलर्जी शून्य आणि दुसऱ्या गटात २.७ टक्के. पुरावा म्हणतात तो हा.

काकांना मी अख्खी फाईल नको, ते एकच पान घेऊन पाठवलं. डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल बदललं. उरलेल्या सहा लाल औषधांतलं एकही काका घेतच नव्हते म्हणे.