‘पुनर्विचार’ लिहिताना आणि मागताना या चुका टाळा

एका गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर ‘वाहनतळ शुल्काचा पुन्हा पुर्नविचार करण्यात येईल’ असे वाक्य वाचले. एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत.

पहिली रफाराची. मूळ अव्यय ‘पुनर्’ आहे. रफार ज्या अक्षराआधी उच्चारला जातो त्याच अक्षराच्या डोक्यावर बसतो, आणि येथे तो ‘वि’आधी ऐकू येतो, म्हणून ‘पुनर्विचार’. शंका आल्यास ‘पु-नर्-वि-चार’ असे सावकाश म्हणून पाहावे. ‘पुर्नवसन’ आणि ‘पुर्नजन्म’ हीदेखील याच चुकीची अपत्ये आहेत. पुढे स्वर आला, तर मात्र रफार उरतच नाही : पुनरागमन, पुनरुक्ती.

दुसरी चूक ‘पुन्हा’ची. तो अर्थ ‘पुनर्’मध्ये आधीच आहे. जोडाक्षर टाळायचे असेल तर ‘फेरविचार’ हा सुटसुटीत शब्द आहे, आणि फेरमोजणी, फेरतपासणी यांच्या पंक्तीत तो शोभतोही. फक्त त्याच्या जागी ‘फेरफार’ लिहू नये, कारण फेरफार म्हणजे बदल, आणि तलाठ्याच्या दप्तरात तर ती जमिनीच्या हक्कनोंदीतील बदलाची नोंद असते.

अर्थाची चूक अधिक महागात पडते. ज्या अर्जावर अजून निर्णयच झालेला नाही, त्याचा ‘फेरविचार व्हावा’ अशी विनंती करणे निरर्थक आहे. तेथे ‘विचार व्हावा’ एवढेच पुरते. शिवाय फेरविचार साधारणपणे ज्याने निर्णय दिला त्याच्याकडेच मागायचा असतो, वरिष्ठाकडे जायचे ते अपील घेऊन. सर्वोच्च न्यायालय संविधानाच्या अनुच्छेद 137 खाली स्वतःचाच निर्णय तपासते, त्यासाठीच्या अर्जाला वृत्तपत्रे ‘पुनर्विचार याचिका’ म्हणतात. महसुली कामात तर शब्द काटेकोरपणेच वापरावेत : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये अपील कलम 247 मध्ये, पुनरीक्षण (वरिष्ठाने कनिष्ठाचा निर्णय तपासणे) 257 मध्ये आणि पुनर्विलोकन 258 मध्ये आहे. यांतील ‘पुनर्विलोकन’च आपल्या फेरविचाराच्या सर्वांत जवळचे.

फेरविचार म्हणजे निर्णय बदलणारच, असाही समज दिसतो, पण तसे नसते. म्हणून अर्जात ‘फेरविचार करावा’ एवढ्यावर न थांबता ‘फेरविचार करून शुल्कवाढ रद्द करावी’ असे स्पष्ट लिहावे. फेरविचारानंतरही निर्णय तोच राहू शकतो : 2006 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांविषयीचे विधेयक अनुच्छेद 111 नुसार फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी त्यावर स्वाक्षरी केली.